मालवणातलं पिनबॉल मशीन दर पावसाळ्यानंतर का बंद पडायचं

मालवणहून तारकर्लीला जाताना रस्त्याला लागून एका काकांचं होमस्टे आहे आणि तिथल्या जेवणाच्या पडवीत एक पिनबॉल मशीन उभं आहे. मुंबईतलं एक गेम पार्लर बंद झालं तेव्हा काकांनी ते उचललं, टेम्पोत घालून गावी आणलं. मशीन १९९० च्या दशकातलं, अमेरिकेतून आलेलं, केशरी ठिपक्यांचा डिस्प्ले असलेलं. पाहुण्यांची पोरं त्याच्यासाठी परत येतात, हे मी स्वतः पाहिलंय, समुद्र समोर असताना पोरं मशीनला चिकटलेली असतात. पण दर पावसाळ्यानंतर ते बंद पडायचं, बाहेरून कोणीतरी मेकॅनिक यायचा, एखादा बोर्ड बदलायचा, काही आठवडे चालायचं आणि परत तेच. काका वैतागून म्हणायचे, "पावसात ह्यां झोपता आणि दिवाळी झाली तरी उठणा नाय."

मी होड्यांवरचे जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस सेट दुरुस्त करतो, त्यामुळे खाऱ्या हवेत इलेक्ट्रॉनिक्सचं काय होतं ते रोजचंच आहे. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण किनाऱ्यावर कोणाकडे पिनबॉल असो, ज्यूकबॉक्स असो की जुना अॅम्प्लिफायर, बिघडण्याची तऱ्हा एकच आहे आणि दुरुस्तीचा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी जातो.

ज्यांनी कधी आत बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काचेखाली साधारण साडेसहा अंश उताराचा प्लायवूडचा पट असतो, त्यावर २७ मिलिमीटर व्यासाची ८० ग्रॅमची पोलादी गोळी फिरते, खाली दोन फ्लिपर असतात, म्हणजे बटण दाबल्यावर गोळीला वर मारणारे दांडके, ते १९४७ पासून या खेळात आले. पट उचलला की खाली फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या कॉइली, स्विच, बल्ब आणि वायरींचं जंगल. कॉइलीना ५० व्होल्टच्या वर डीसी, बल्बांना ६.३ व्होल्ट, कॉम्प्युटर बोर्डाला ५ व्होल्ट, डिस्प्लेला शंभराच्या वर. एवढे वेगवेगळे व्होल्टेज एकाच पेटीत आणि तेही सगळे कनेक्टरांतून फिरणारे, आणि वरून गोळी आपटत असते त्यामुळे सगळं सतत हादरत असतं. म्हणजे जिथे जिथे धातूला धातू नुसता टेकून करंट जातो तिथे तिथे बिघाडाची जागा. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे, की किनाऱ्यावर बोर्ड क्वचित मरतो, मरतो तो जोड.

सुरुवातीला मी काहीच उघडलं नाही. काकांच्या पुतण्याला एक वही दिली आणि सांगितलं की जेव्हा जेव्हा काही बिघडेल तेव्हा वेळ लिही, काय झालं ते लिही, लाइट होती की इन्व्हर्टरवर होतं ते लिही, आणि पाऊस होता का ते पण लिही. पोरगा बारावीचा, नीट लिहिणारा. त्या वहीनेच अर्धं काम केलं, कारण काका फक्त "बंद पडतं" एवढंच सांगायचे आणि वहीत दिसलं की हे एक दुखणं नाहीये, तीन-चार वेगळी दुखणी एकत्र बोलली जातायत.

पहिलं दुखणं लाइटांचं. पटाच्या डाव्या बाजूचे सगळे बल्ब एकदम जायचे, मशीनला धक्का दिला की यायचे. आधीच्या मेकॅनिकने यासाठी पॉवर बोर्ड बदललेला. मी मागची पेटी उघडली तर नवीन बोर्डावरचा तोच कनेक्टर परत काळा पडलेला, प्लास्टिक करपून तपकिरी. आता याचा हिशोब बघा, कारण हा हिशोब कळला की सगळं कळतं. या मशीनमधले साधे बल्ब प्रत्येकी ०.२५ अँपिअर खातात, एका लाइनवर १६ बल्ब धरले तर ४ अँपिअर. कनेक्टरची पिन नवी असते तेव्हा जोडाचा रेझिस्टन्स जवळपास शून्य. पण पिनेवर असतो कथिलाचा पातळ मुलामा, म्हणजे आपली कल्हईच, आणि ती घासून गेली की पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसाच प्रकार इथे होतो, हिरवट थर चढतो. समजा त्या थरामुळे जोडाचा रेझिस्टन्स ०.१ ओहम झाला. ४ अँपिअरचा वर्ग १६, गुणिले ०.१, म्हणजे १.६ वॅट उष्णता एका टाचणीएवढ्या पिनेवर. ती तापते, तापल्यावर स्प्रिंग सैल होतो, सैल झाला की रेझिस्टन्स अजून वाढतो, अजून तापते. बोर्ड बदलला पण वायरीकडचा जुना कनेक्टर तोच ठेवला तर त्या नव्या पिना पण त्याच मार्गाने जाणार, आणि इथे नेमकं तेच झालेलं.

त्यामुळे नियम असा की पिन आणि कनेक्टर दोन्ही बाजू एकदम बदलायच्या, एक कधीच नाही. बोर्डावर ३.९६ मिलिमीटर अंतराच्या नव्या पिना डाग देऊन बसवल्या, वायरीच्या बाजूला तीन बाजूंनी धरणारे क्रिंप टर्मिनल घातले, नीट क्रिंप पक्कडीने दाबून, नुसत्या साध्या पक्कडीने चेपून नाही. मूळ कनेक्टरमध्ये वायर सोलत नाहीत, टर्मिनलच्या चिरेत दाबून बसवतात, कारखान्यात ते झटपट होतं पण आपल्या हवेत त्या चिरेतच थर चढतो. आणखी एक, सोन्याच्या मुलाम्याची पिन आणि कथिलाचं टर्मिनल अशी जोडी लावायची नाही. लोकांना वाटतं सोनं म्हणजे भारीच, पण दोन वेगळे धातू खाऱ्या दमटपणात एकमेकांना खातात, दोन्हीकडे कथिल असलेलं बरं.

आणि मुख्य म्हणजे करंटच कमी केला. सगळे साधे बल्ब काढून एलईडी घातले, तेवढ्याच लाइनला आता साधारण अर्धा अँपिअर लागतो, म्हणजे जोड खराब झाला तरी उष्णता चौसष्टेक पटीने कमी. इथे एक अडचण आहे ती सांगतो, ही लाइन एसी असते, त्यामुळे स्वस्तातले एलईडी लुकलुकतात, आत ब्रिज, म्हणजे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर, असलेले घ्यावे लागतात. आणि दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, जुने बल्ब पेटीला गरम ठेवायचे, त्या उबेने आतला दमटपणा निघून जायचा, एलईडी घातल्यावर ती ऊब गेली. त्याचं काय केलं ते पुढे येतंच.

दुसरं दुखणं जास्त अवघड आणि मला विचाराल तर सगळ्यात शिकण्यासारखं. खेळता खेळता दोन्ही फ्लिपर एकदम मारले की मशीन रीसेट व्हायचं, स्कोअर गेला, पोरं हिरमुसली. या काळातल्या मशीनांमध्ये हा बिघाड इतका ओळखीचा आहे की जो तो लगेच ब्रिज रेक्टिफायर आणि १५००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलायला घेतो, आणि इथेही ते दोन्ही बदलून झालेलं होतं. ५ व्होल्टची लाइन ४.६ च्या खाली गेली की बोर्डावरची एक छोटी चिप कॉम्प्युटरला रीसेट करते, हे तिचं कामच आहे, तिला दोष नाही. प्रश्न हा की ५ व्होल्ट पडतात का.

वहीत बघितलं तर रीसेटच्या जवळपास सगळ्या नोंदींपुढे पोराने लिहिलेलं, "इन्व्हर्टर". पडवीचा स्विचबोर्ड इन्व्हर्टरवर होता, संध्याकाळी लाइट गेली की मशीन पण इन्व्हर्टरवर जायचं. मी मीटर लावला, मीटर दाखवतोय २५०. बघणाऱ्याला वाटेल व्होल्टेज उलट जास्तच आहे. पण हा इन्व्हर्टर जुन्या चौकोनी लाटेचा, आणि साधा मीटर चौकोनी लाटेला सुमारे ११ टक्के जास्त दाखवतो, म्हणजे खरे असतील २२५ वगैरे. तेही ठीक, पण खरी गोम पुढेच आहे. घरगुती लाइनची लाट गोलाईची असते, २३० व्होल्ट म्हटलं तरी तिचं शिखर ३२५ पर्यंत जातं, आणि रेक्टिफायरच्या पुढचा कपॅसिटर भरतो तो शिखरावर. चौकोनी लाटेचं शिखर म्हणजे तेच २२५. म्हणजे मशीनमधल्या प्रत्येक डीसी लाइनला जवळजवळ ३० टक्के कमी मिळणार. ट्रान्सफॉर्मरच्या ९ व्होल्टच्या वाइंडिंगमधून रेग्युलेटरला, म्हणजे व्होल्टेज ५ वर धरून ठेवणाऱ्या भागाला, नेहमी १०-११ व्होल्ट जायचे, तिथे आता सात-साडेसात उरले, आणि त्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला कमीत कमी साडेसात लागतात. नुसता चालू असेल तर काठावर तग धरतो, दोन्ही फ्लिपरनी एकदम करंट ओढला की ट्रान्सफॉर्मर जरा दबतो आणि खेळ संपला. फ्लिपर संध्याकाळी ढिले वाटतात ही पोरांची तक्रार पण यातूनच, कारण कॉइलचं व्होल्टेजही तेवढंच घटलेलं.

म्हणजे मशीनमध्ये यासाठी बदलायचं असं काहीच नव्हतं. मशीन इन्व्हर्टरवरून काढलं, मेन बोर्डातून वेगळी लाइन ओढली, मध्ये १ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर बसवला कारण सीझनमध्ये एसी लागले की संध्याकाळी लाइन १९० पर्यंत उतरते. लाइट गेली तर मशीन बंद, पाहुणे तेवढ्यापुरते गप्पा मारतील. काकांना सांगितलंय की इन्व्हर्टर बदलायचा झालाच तर प्युअर साइनवेव्हचाच, म्हणजे गोलाईच्या लाटेचाच घ्या, फक्त मशीनसाठी नव्हे, पंख्यांसाठी आणि फ्रिजसाठी पण.

लाइन ओढतानाच अर्थिंग तपासलं आणि ते नावालाच होतं. आपल्याकडे जांभा, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, त्यात नुसता रॉड ठोकून अर्थिंग होत नाही. खोल खड्डा, कोळसा-मीठ आणि मार्च ते मे पाणी घालणं, हे केलं. मशीनच्या कडांना लोखंडी पट्ट्या असतात, ओल्या अंगाने समुद्रावरून आलेली पोरं त्यांना धरून खेळतात, इथे कसलीच तडजोड चालणार नाही.

बाकीचं भराभर सांगतो. कॉम्प्युटर बोर्डावरच तीन पेन्सिल सेल बसवलेले असतात, स्कोअर आणि सेटिंग लक्षात ठेवायला, ते गळले की खालचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतात. इथे गळायला सुरुवात झालेली, पांढऱ्या व्हिनेगरने तो क्षार मारला, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुतलं, आणि मेमरी चिप काढून त्या जागी सॉकेट लावून बॅटरीशिवाय लक्षात ठेवणारी एनव्हीरॅम बसवली. घड्याळ तेवढं चुकतं, त्याने कोणाचं काही अडत नाही. माझं स्पष्ट मत आहे, किनाऱ्यावर बोर्डावर सेल ठेवायचाच नाही.

फ्यूज होल्डरमध्ये एका फ्यूजला तार गुंडाळलेली सापडली. हे बघून मला खरंच राग आला. कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की कॉइल बंदच होत नाही, ती तापत राहते, आणि अशा वेळी फ्यूज उडणं एवढाच एक बचाव असतो, लाकडी पेटी आहे ही. आता योग्य रेटिंगचे फ्यूज पेटीच्या आत झिप पिशवीत, कुठला कुठे ते लिहून ठेवलेत.

फ्लिपर सकाळी पूर्ण व्होल्टेजवर सुद्धा थोडे जड होते, त्याचं कारण कोणीतरी प्लंजरला, म्हणजे कॉइलीत सरकणाऱ्या लोखंडी दांड्याला, शिवणयंत्राचं तेल घातलेलं. आपल्याकडे काही अडलं की तेल, पण कॉइलची नायलॉनची नळी कोरडीच चालायची असते, तेलात वाळू आणि लोखंडाची पूड मिसळून चिकट लगदा होतो. नळ्या, प्लंजर, लिंक, स्टॉप सगळं नवीन घातलं. स्विचच्या पात्यांवर सोन्याचा मुलामा असतो, त्याला काच कागद लावायचा नाही, जाड स्वच्छ कागद दोन टोकांच्या मध्ये धरून ओढायचा, बस्स.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. दुरुस्ती झाली, पण मी दर वेळी येणार का, आणि मी नसलो तर? रत्नागिरी किंवा कोल्हापूरहून माणूस यायचा म्हणजे त्याचा दिवस जातो, सीझनमधला शनिवार-रविवार जातो. मशीन भरवशाचं करायचं म्हणजे ते तिथल्या पोराला सांभाळता येईल असं करायचं, याला दुसरा मार्ग नाही. म्हणून फ्लिपरची अख्खी यंत्रणा, पट्टी, कॉइल, स्विच सकट, एक जास्तीची तयार करून ठेवली, आणि कॉइलीच्या वायरी आधी थेट सोल्डर केलेल्या होत्या तिथे पटाखाली प्लग लावले. आता फ्लिपर बिघडला तर काच काढा, पट उचला, प्लग काढा, स्क्रू काढा, दुसरी बसवा. सोल्डरिंग गन हातात घ्यायची वेळ येत नाही. खराब झालेली यंत्रणा माझ्या दुकानात येते, ती मी सवडीने करतो. प्रत्येक कनेक्टरवर रंगाची खूण, तीच खूण बोर्डावर, म्हणजे उलटासुलटा लागण्याचा प्रश्न नाही. मशीनच्या नाणी टाकायच्या दाराच्या आत एक कागद लॅमिनेट करून चिकटवलाय, त्यावर फ्यूज, त्याचं रेटिंग आणि तो उडाला तर काय बंद पडतं.

या मशीनमध्ये एक सोय पहिल्यापासूनच होती आणि कोणी वापरतच नव्हतं. बरेच खेळ होऊनही एखादा स्विच एकदाही लागला नाही तर मशीनला शंका येते आणि क्रेडिटच्या आकड्यापुढे एक ठिपका दाखवतं. दाराच्या आतलं टेस्टचं बटण दाबलं की कुठला स्विच ते नावासकट लिहून येतं. स्विचांची मांडणी आठ ओळी आठ स्तंभ, त्यामुळे एक स्विच गेला तर तो स्विच बघायचा, अख्खी ओळ गेली तर वायर किंवा कनेक्टर बघायचा. पोराला हे एकदा दाखवलं आणि त्याच्या डोळ्यात जी चमक आली ती बघण्यासारखी होती. आता त्याचा फोन येतो तो असा, "दादा, ठिपको इलो होतो, डाव्या रॅम्पचो स्विच, वायर तुटलेली, लावलंय." म्हणजे फोन मदतीसाठी नाहीच, नुसता कळवायला.

पावसाळ्याची व्यवस्था वेगळी. किल्ल्याच्या होड्या बंद होतात तेव्हापासून पाहुणे जवळपास नाहीत, मशीन चार महिने पडून, आणि पडून राहणं हेच याचं खरं मरण. समुद्राकडच्या पडवीतून मशीन आतल्या खोलीत घेतलं, भिंतीपासून हातभर लांब. पेटीत खाली १५ वॅटचा साधा बल्ब जाळीच्या आवरणात लावून तो पावसाळाभर चालू ठेवला, लोक कपाटात बुरशी येऊ नये म्हणून लावतात तसाच, एलईडीमुळे गेलेली ऊब अशी परत आणली. आठवड्यातून एकदा मशीन तासभर खेळायचं, नुसतं चालू ठेवायचं नाही, खेळायचंच, म्हणजे स्विचची टोकं घासली जातात. गोळ्या जूनमध्ये बाहेर काढून पुसून, तेलाचा हात फिरवून डब्यात, खेळायच्या दिवशी तेल पूर्ण पुसून घालायच्या. गंजाचे खड्डे पडलेली गोळी पटाचा रंग खरवडून काढते, आणि पट गेला तर तो कुठून आणणार, म्हणून गोळीवर खड्डा दिसला की ती बाद. पटाला कार्नोबा मेण, ज्यात घासणारी पूड नाही असं.

बोर्डावर लाखेसारखा थर मारू का असं काकांनी विचारलेलं, होड्यांच्या सेटना मी मारतो म्हणून. इथे नाही मारला. होडीवर लाटेचं पाणी थेट उडतं, इथे नुसती हवा आहे, आणि थर मारलेल्या बोर्डावर पुढे एखादा ट्रान्झिस्टर बदलायचा म्हणजे आधी तो थर खरवडायचा. ज्याला वीस वर्षं दुरुस्त करत राहायचंय त्याला उघडा बोर्ड बरा. नवीन मशीनांत, साधारण २०१५ पासून, वायरी खूप कमी झाल्यात, पटाखाली छोटे छोटे बोर्ड आणि त्यांच्यात डेटाची वायर, ते छान आहे, पण त्यावरचे भाग इतके बारीक की गावात बसून बदलणं कठीण, अख्खा बोर्ड मागवावा लागतो. या जुन्या मशीनमधला कॉइलचा टीआयपी १०२ ट्रान्झिस्टर किंवा डायोड लॅमिंग्टन रोडवर आजही मिळतो आणि साध्या गनने बसतो. आपल्यासारख्या ठिकाणी तेच सोयीचं.

त्यानंतरचा पावसाळा गेला, दिवाळीची सुट्टी गेली, नाताळची गर्दी झाली. मशीन उठलं ते पहिल्याच दिवशी. वहीत त्या काळातल्या नोंदी आहेत पण सगळ्या छोट्या, एक तुटलेली वायर, एक रबर, एक फ्यूज, आणि प्रत्येकीपुढे पोराचीच सही. रीसेटची एकही नाही. कनेक्टर मी सीझन संपल्यावर काढून बघितला, पिना पांढऱ्या स्वच्छ.

डिस्प्लेचं काम अजून बाकी आहे. तो जुना गॅसचा आहे, त्याला एका बाजूला +६२ आणि दुसऱ्या बाजूला −११३ आणि −१२५ व्होल्ट लागतात, हे व्होल्टेज बनवणारे भाग सगळ्यात जास्त तापतात आणि कडेच्या दोन रेघा आत्ताच फिक्या पडल्यात. तो जायची वाट न बघता मे महिन्यात एलईडीचा डिस्प्ले बसवायचा, म्हणजे हे तिन्ही व्होल्टेज मशीनमधून कायमचेच निघून जातील, असं काकांशी ठरलंय. बसवणार पुतण्या, मी शेजारी उभा राहणार.